तो घरी काही सांगत का नाही?

टेबलाभोवती त्या आईशिवाय आम्ही सात जण बसलो होतो, आणि त्यांपैकी सहा जणांनी तिला वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारला : तुमचे लक्ष कुठे होते? सातवी मी. मी तो प्रश्न विचारला नाही याचे श्रेय मला घेता येणार नाही, कारण माझी पाळी येईपर्यंत तिने उत्तर देणे सोडून दिले होते आणि ती पर्सच्या चेनशी चाळा करत खाली बघत होती. तिचा 14 वर्षांचा मुलगा गेले काही महिने मोठ्या मुलांसाठी पाकिटे पोहोचवत होता. पाकिटांत काय असते हे त्याला माहीत होते, आणि ते माहीत असल्यामुळेच त्या खोलीतल्या बहुतेकांच्या लेखी तो आता लहान मूल उरला नव्हता. (कोणाचीही ओळख पटू नये म्हणून मी तपशील बदलले आहेत आणि दोन-तीन घरांतले प्रसंग एकत्र गुंफले आहेत.)

कुटुंबोपचार हे माझे काम आहे. ज्या मुलांना गुन्हेगारी टोळ्या हाताशी धरतात किंवा धरण्याची शक्यता असते, त्यांच्या घरी जाऊन मी आई, वडील, मुलगा आणि जमल्यास भावंडे यांच्याबरोबर बसते. यावर मला नेहमी विचारले जाते की, पोराला बिघडवणारे बाहेरचे असताना तुम्ही घरच्यांना कसले उपचार करता? हा आक्षेप मला पूर्णपणे चुकीचा वाटत नाही, म्हणून त्याला जरा विस्ताराने उत्तर द्यायचे आहे.

आधी 'शोषण' या शब्दाविषयी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1999 च्या 182 क्रमांकाच्या कराराने बालमजुरीचे जे सर्वांत वाईट प्रकार ठरवले, त्यांत बेकायदा कामांसाठी, विशेषतः अंमली पदार्थांचे उत्पादन आणि तस्करी यांसाठी, मुलांचा वापर करणे हा एक प्रकार आहे. मानवी व्यापाराविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा 2000 सालचा पालेर्मो प्रोटोकॉल, म्हणजे पूरक करार, तर आणखी पुढे जातो. 18 वर्षांखालील व्यक्तीला शोषणासाठी गोळा केले की, तिच्यावर बळजबरी झाली नसली आणि तिने होकार दिला असला तरी, तो मानवी व्यापारच ठरतो. म्हणजे 'त्याने स्वतःहून केले' हे वाक्य या बाबतीत कायद्याच्या तत्त्वाला धरून नाही. तरीही बैठकांमध्ये ते वाक्य कोणी ना कोणी उच्चारतेच, आणि पुष्कळदा ते मुलाचे वडीलच असतात.

पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच दिसते. कोणी मोठा मुलगा ओळख काढतो, बूट देतो, फोन देतो, आणि ज्याला कुठेच फारसे कोणी विचारत नाही अशा मुलाला 'तू आपला माणूस आहेस' असे म्हणतो. मग एखादे किरकोळ काम येते. ही पिशवी तिथे नेऊन दे, हे आजची रात्र तुझ्या दप्तरात राहू दे. त्याचे पैसे मिळतात, आणि ते खरोखरच मिळतात. काही आठवड्यांनी वाटेत कोणीतरी त्याला अडवून माल हिसकावून घेते. हिसकावणारे पुष्कळदा त्याच टोळीने पाठवलेले असतात, पण मुलाला ते ठाऊक नसते. त्याला एवढेच सांगितले जाते की, गेलेल्या मालाची किंमत आता तुझ्या अंगावर आहे, ती फिटेपर्यंत काम करावे लागेल, आणि घरी तोंड उघडलेस तर तुझी धाकटी बहीण किती वाजता कोणत्या रस्त्याने येते हे आम्हाला माहीत आहे. बूट आणि फोन ही भेट नव्हती, ती उचल होती, हे त्याला त्या दिवशी कळते. वेठबिगारीची रीत जुनीच आहे. इथे फक्त वेठबिगाराच्या पाठीवर शाळेचे दप्तर असते.

इथून पुढे मुलगा घरी बोलेनासा होतो. उशिरा येतो, जेवणाच्या ताटावर बसत नाही, फोन पालथा ठेवतो, काही विचारले की अंगावर येतो. घरच्यांना यात उद्धटपणा दिसतो आणि ते उद्धटपणाला साजेसे उत्तर देतात. कोणी मारते, कोणी खिसे तपासते, कोणी फोन काढून घेते, आणि एखाद्या रात्री रागाच्या भरात 'परत या घरात पाऊल ठेवू नकोस' असे बोलून जाते. प्रत्येक उपायाचा एक परिणाम घरच्यांच्या नजरेआड घडत असतो. फोन काढून घेतला की मुलगा 'त्यांच्या' हाकेला ओ देऊ शकत नाही, आणि त्याची शिक्षा त्याला बाहेर मिळते. घराबाहेर काढले की त्याला रात्रभर ठेवून घ्यायला टोळी तयारच असते. मी आईवडिलांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांच्या जागी मी असते तर पहिल्याच आठवड्यात फोन काढून घेतला असता.

ब्रिटनमधल्या संशोधक कार्लीन फर्मिन यांनी गेल्या दशकात एक मुद्दा लावून धरला आहे. मुलांच्या संरक्षणाच्या व्यवस्था घरात होणारी इजा डोळ्यांसमोर ठेवून बांधल्या गेल्या आहेत. मुलाला इजा होते ती रस्त्यावर, शाळेच्या आवारात आणि मित्रांच्या टोळक्यात, आणि तिथे आईवडिलांची सत्ता फारशी चालत नाही. मग जिथे इजा होते त्या जागा बदलायच्या सोडून आपण आईवडिलांना का बदलायला निघतो? मला हे म्हणणे पटते. ज्या ठिकाणी पोलीस, शाळा आणि स्थानिक यंत्रणा काही करत नाहीत आणि कुटुंबाला मात्र दर आठवड्याला 'सत्राला या' असे सांगितले जाते, तिथे आमचे काम अन्यायाचेच एक रूप होऊन बसते. पण या टीकेवरून घर बाजूला ठेवावे असा निष्कर्ष कोणी काढला, तर माझा विरोध आहे. त्याचे कारण स्वीडनमधल्या एका अभ्यासात सापडते.

हाकन स्टाटिन आणि मार्गारेट कर यांनी 2000 साली 14 वर्षांच्या 703 मुलामुलींचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुले कुठे जातात, कोणाबरोबर असतात, पैसे कशावर खर्च करतात हे ज्या पालकांना ठाऊक असते त्यांची मुले कमी अडचणीत येतात, हे आधीपासून माहीत होते, आणि त्यावरून 'मुलांवर लक्ष ठेवा' हा सल्ला जगभर दिला जात होता. या दोघांनी साधा प्रश्न विचारला : पालकांना हे कळते तरी कसे? उत्तर असे निघाले की, ते प्रामुख्याने पाळत ठेवून किंवा नियम घालून कळत नाही. मुले आपण होऊन सांगतात म्हणून कळते. 'तुमचे लक्ष कुठे होते' या प्रश्नातली चूक मला या अभ्यासामुळे नीट समजली. लक्ष असूनही कळत नाही. मुलाला सांगता आले तर कळते, आणि टोळी बंद करते तो नेमका हाच रस्ता. त्यामुळे घरात करायचे काम पालकांना अधिक कडक पहारेकरी बनवण्याचे नाही. मुलाला तोंड उघडणे परवडेल अशी स्थिती तयार करणे, हे ते काम आहे.

मी ज्या पद्धतीने काम करते तिचे नाव 'फंक्शनल फॅमिली थेरपी'. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात जेम्स अलेक्झांडर आणि ब्रूस पार्सन्स यांनी ती 1970 च्या सुमारास उभी केली आणि 1973 मध्ये तिचे पहिले महत्त्वाचे निष्कर्ष मांडले. साधारणपणे 12 ते 14 सत्रे आणि तीन ते पाच महिने असा तिचा आवाका असतो. तिचा गाभा असा, की घरातले कोणतेही वागणे, ते कितीही त्रासदायक असले तरी, नात्यात काहीतरी साधत असते. कोणाला जवळ आणते, कोणाला दूर ठेवते, कोणाचा तरी शब्द चालवते. ते काय साधते हे कळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात आम्ही कोणालाही काही बदलायला सांगत नाही. घरात साचलेला दोषारोप आणि निराशा खाली आणणे एवढेच त्या टप्प्याचे उद्दिष्ट असते. हे ऐकायला सोपे वाटते, पण माझ्या मते सगळ्या उपचारातला हाच सर्वांत अवघड भाग आहे.

त्या 14 वर्षांच्या मुलाच्या घरातल्या तिसऱ्या सत्रात वडील म्हणाले, "याला आमची किंमतच नाही. चार दिवस झाले, एक शब्द बोललेला नाही." मुलगा भिंतीकडे बघत होता. 'का बोलत नाहीस' हा प्रश्न त्याला एव्हाना इतक्यांनी विचारला होता की त्याचा अर्थच उरला नव्हता. मी विचारले, "तू बोललास, तर त्रास कोणाला होईल असं तुला वाटतं?" तो काही बोलला नाही. पण त्याची नजर दाराकडे गेली. तिथल्या खुंटीला बहिणीचे दप्तर अडकवलेले होते. नजर तिथे क्षणभर थांबली आणि परत भिंतीवर गेली. वडिलांनी ते पाहिले. मी त्यांना म्हणाले, "तो तुम्हाला किंमत देत नाही म्हणून गप्प आहे, की देतो म्हणून गप्प आहे, हे मला अजून कळलेलं नाही." वडील पाणी प्यायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आमच्या भाषेत याला वागण्याला नवा अर्थ देणे म्हणतात. तो अर्थ ठासून सांगायचा नसतो, मुलाची बाजू घेऊन वडिलांना खाली पाडायचे नसते, आणि मुलाने जे केले ते ठीकच होते असेही सुचवायचे नसते. अर्थ चुकीचा ठरला तर तो मागे घेता येईल एवढी जागा वाक्यात ठेवावी लागते. मी हे अनेकदा फार घाईने केले आहे, आणि तेव्हा समोरच्या वडिलांनी 'म्हणजे चूक आमचीच' असे म्हणून पुढच्या सत्राला यायचे बंद केले आहे.

यायचे बंद करणे ही काही छोटी गोष्ट नाही. मायामीमध्ये होसे शापोच्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये दाखवले की, कुटुंब उपचाराला येत नाही यालाच नात्यांचा प्रश्न मानून पहिल्या फोनपासून त्यावर काम केले तर 93 टक्के कुटुंबे उपचारांत सहभागी झाली. नेहमीच्या पद्धतीने बोलावलेल्यांपैकी 42 टक्केच आली. या आकड्यांनी माझी एक सवय मोडली. 'कुटुंब सहकार्य करत नाही' असे मी आता अहवालात लिहीत नाही. वडिलांच्या कामाच्या पाळ्या कोणत्या, घरात शेवटचा शब्द कोणाचा, आम्हाला बोलावण्याने कोणाचा पाणउतारा होतो, हे आधी विचारते.

दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष वागणे बदलायचे असते, आणि इथे तपशील फार बारीक होतात. मुलगा रात्री उशिरा आला तर पहिले वाक्य काय असावे, यावर आम्ही एक अख्खे सत्र घालवले. आईने निवडलेले वाक्य होते, "आलास, बरं झालं. आता झोप, उद्या बोलू." वडिलांना हे लाड वाटले. त्यावर तडजोड अशी झाली की 'उद्या बोलू' हे नुसते म्हणायचे नाही, दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी खरोखर बोलायचे, आणि बोलताना वडिलांनी प्रश्न विचारण्याआधी स्वतःला काय वाटले ते सांगायचे. ते आठवडाभर जमले नाही. नवव्या दिवशी वडील म्हणाले, "रात्री मला भीती वाटत होती." मुलाने वडिलांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच ऐकला असावा. त्यानंतर दोन दिवसांनी त्याने आईला कर्जाचा आकडा सांगितला.

आकडा कळल्यावर उपचारांचे काम संपत नाही, पण ते उपचारांपुरते उरतही नाही. कर्ज फेडून टाकावे असा मोह प्रत्येक घराला होतो. फेडल्याने सुटका होण्याची शाश्वती नसते, कारण हे घर पैसे देते हे टोळीला कळलेले असते. पोलिसांत जावे तर बहिणीची भीती. अशा वेळी थेरपिस्टने एकटीने सल्ला देऊ नये. शोषणाची प्रकरणे हाताळणारा पोलीस अधिकारी, शाळा आणि बालसंरक्षणाची यंत्रणा यांच्याबरोबर बसून आधी बहिणीच्या येण्याजाण्याची व्यवस्था करावी आणि मगच पुढचे पाऊल टाकावे, अशी माझी पद्धत आहे. कुटुंबाने एकटे न राहण्याचा विचार तेल अवीव विद्यापीठातले हाइम ओमेर यांनी चांगला विकसित केला आहे. त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहावरून आईवडिलांसाठी अहिंसक प्रतिकाराची पद्धत बांधली. तिच्यात धमकी नाही, मारहाण नाही, माघारही नाही, आणि आत्या-मामा, शेजारी, शिक्षक अशा माणसांना उघडपणे मदतीला बोलावणे आहे. बोलावण्याची ही पायरी घरांना सर्वांत जड जाते, कारण गुपित राखणे म्हणजे अब्रू राखणे असे त्यांना वाटत असते. गुपितावर टोळीचाही तेवढाच भरवसा असतो.

आता या सगळ्याचा उपयोग होतो का? याचे उत्तर सरसकट 'हो' असे देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. फिलाडेल्फियामध्ये टोळ्यांच्या धोक्यात असलेल्या मुलांसाठी फंक्शनल फॅमिली थेरपीत बदल करून 129 मुलांवर चाचणी झाली. टेरेन्स थॉर्नबेरी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. ज्यांना टोळीचा धोका जास्त होता त्या मुलांमध्ये पुन्हा गुन्हा घडण्याचे प्रमाण कमी झाले, धोका कमी असलेल्यांमध्ये फरक दिसला नाही. याउलट इंग्लंडमधल्या 111 कुटुंबांच्या चाचणीत, जिचा अहवाल 2017 मध्ये आला, नेहमीच्या सेवांच्या जोडीला ही थेरपी देऊनही जास्तीचा फायदा आढळला नाही. 'मल्टीसिस्टेमिक थेरपी' ही याच कुळातली अधिक खर्चिक पद्धत आहे. तिच्यात थेरपिस्टकडे चार-सहाच कुटुंबे असतात आणि तो रात्रीअपरात्रीही उपलब्ध असतो. इंग्लंडमध्ये 684 कुटुंबांवर तिची मोठी चाचणी झाली आणि 18 महिन्यांनंतर घराबाहेर ठेवाव्या लागलेल्या मुलांचे प्रमाण थेरपी मिळालेल्यांत 13 टक्के आणि इतरांत 11 टक्के निघाले, म्हणजे फरक नाहीच. जिथे नेहमीच्या सेवा बऱ्या असतात तिथे नव्या पद्धतीला जास्तीचे काही दाखवणे अवघड जाते, हे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. ते मला पटते, पण ते आमच्या सोयीचेही आहे, हे विसरू नये.

माझ्या दृष्टीने सर्वांत बोचरा निष्कर्ष वॉशिंग्टन राज्यातला आहे. तिथल्या सार्वजनिक धोरण संस्थेने 2004 मध्ये थेरपिस्टच्या कौशल्यानुसार निकाल वेगळे करून पाहिले. ज्यांनी फंक्शनल फॅमिली थेरपीची पद्धत नीट पाळली त्यांच्याकडच्या मुलांमध्ये गंभीर गुन्ह्यांची पुनरावृत्ती 38 टक्क्यांनी कमी झाली, आणि ज्यांनी पाळली नाही त्यांच्याकडे काहीच लाभ झाला नाही. म्हणजे पद्धतीचे नाव दारावर लावून भागत नाही. दर आठवड्याला दुसऱ्या कोणीतरी माझे सत्र तपासावे लागते, आणि 'इथे तू वडिलांना गप्प केलेस' असे मला तोंडावर सांगावे लागते. निधी आटला की सर्वांत आधी कापली जाते ती नेमकी ही देखरेख.

अशा मुलांना एकत्र करून शिबिरात पाठवण्याची सूचना दर बैठकीत येते, म्हणून तिच्याविषयी एवढेच सांगते : 1939 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये मुलांना गुन्हेगारीपासून दूर ठेवण्यासाठी सुरू झालेल्या केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्पातली मुले अनेक वर्षांनी पुन्हा तपासली गेली, तेव्हा एकाहून अधिक वेळा शिबिरांना गेलेल्यांचे नुकसान झालेले दिसले.

शेवटच्या टप्प्यात थेरपिस्टने हळूहळू स्वतःला बाजूला करायचे असते. कुटुंबाने शिकलेली गोष्ट शाळा, नातेवाईक आणि इतर यंत्रणा यांच्याशी वागताना वापरावी, आणि पुन्हा घसरण झाली तर काय करायचे हे आधीच ठरवून ठेवावे, असा त्याचा हेतू. पाचव्या महिन्याच्या अखेरीस मी पर्यवेक्षकांकडे आणखी चार सत्रे मागितली. मुलाला अजून अधूनमधून फोन येत होते आणि मला धास्ती वाटत होती. त्यांनी नकार दिला. "धास्ती तुला वाटतेय की त्यांना?" असे त्यांनी विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. शेवटच्या सत्रात आईने तीन नावे एका कागदावर लिहिली : शाळेतल्या समुपदेशक, तिचा भाऊ, आणि ते पोलीस अधिकारी. माझे नाव त्यात नव्हते, आणि मी ते सुचवले नाही.

सहा आठवड्यांनी मुलगा एका रात्री घरी आला नाही. हे मला शाळेतल्या समुपदेशकांकडून दोन आठवडे उलटून गेल्यावर, दुसऱ्याच एका मुलाविषयी बोलताना कळले. रात्री साडेदहाला आईने भावाला बोलावून घेतले होते, अकराला अधिकाऱ्यांना फोन केला होता आणि सकाळी शाळा उघडण्याआधी ती समुपदेशकांची वाट बघत फाटकाशी उभी होती. मुलगा पहाटे मामाबरोबर परत आला होता. दार वडिलांनी उघडले, आणि 'आलास, बरं झालं' म्हणाले.